मैल्याच्या टाक्यांसाठी उपविधी (स्थानिक नियम) करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

मी नगरपंचायतीत नगरसेविका आहे. आमच्याकडे भुयारी गटार नाही, घरोघरी टाक्या. तुंबली की लोक खासगी गाडी बोलावतात आणि ती रात्री ओढ्यात रिकामी होते. खालच्या अंगाला पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. मला झोप लागत नाही.

उत्तर : ताई, आधी टाक्यांची नोंद करा. शेवटचा उपसा कधी, झाकण सापडतं का? बऱ्याच घरांत वर फरशी बसवलेली असते. मग उपशाची वॉर्डवार पाळी लावा. वाई आणि सिन्नरने ३ वर्षांचं चक्र धरलं. टाकी तुंबायची वाट बघायची नाही.

उत्तर : गाडीला परवाना, प्रत्येक खेपेची पावती, मैला प्रक्रिया केंद्रावर सही. सही नसेल तर बिल नाही. पण ओतायला जागाच नसेल, तर नुसत्या दंडाने मैला ओढ्यातच जाणार.

उत्तर : मी ६ वर्षं गाडीवर होतो. माणूस टाकीत उतरणार नाही, हे पहिलं कलम करा. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने मनाई आहे, तरी तळाचा गाळ निघेना की घरमालक म्हणतो, "जरा उतर की." आतला वायू दिसत नाही. दंड त्या मालकालाही लावा.

प्रश्नकर्ती : दादा, तुमचं कलम पहिलंच घेते. मैला ओतायच्या केंद्रासाठी डेपोशेजारी नगरपंचायतीची जागा आहे, उद्याच मुख्याधिकाऱ्यांना दाखवते.