खारं पाणी गोठवून गोड होतं का? माझा प्रयोग फसला

पूर्णाकाठचा
नमस्कार मंडळी. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट असलेल्या भागातलं, अकोल्याकडचं. बोअरचं पाणी असं की डाळ शिजता शिजत नाही, चहा कधी कधी नासतो. प्यायला जार आणतो पण उन्हाळ्यात जारची गाडी दोन-दोन दिवस येत नाही आणि घरात आई आहे, लहान लेकरं आहेत. कुठंतरी वाचलं की पाणी गोठवलं की मीठ बाजूला पडतं. भावाच्या दुकानात डीप फ्रीझर आहे, त्यात बोअरच्या पाण्याची बाटली ठेवली, दुसऱ्या दिवशी पार दगड. वितळवून टीडीएस मीटर (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं) बुडवलं तर आधी 1900 होतं, नंतरही 1900. मग हे सगळं खोटंच का? कोणी स्वतः केलंय का?

रसायनवाली_ताई
भाऊ, खोटं नाही, पण तुम्ही अख्खी बाटली गोठवलीत ना, तिथंच चुकलं. बर्फ होताना पाण्याचे रेणू एका ठराविक जाळीत बसतात, त्या जाळीत मिठाला जागाच नसते, म्हणून मीठ उरलेल्या पाण्यात ढकललं जातं आणि ते पाणी अजून खारट होत जातं, जितकं खारट तितकं ते उशिरा गोठतं. साधं मीठ धरलं तर असं होत होत उणे 21 अंशापर्यंत ते पातळ राहू शकतं. पण ते खारं पाणी तुम्ही ओतून दिलंच नाही, बर्फाच्या बारीक फटींत अडकून राहिलं आणि वितळल्यावर परत सगळं एकत्र! मीठ जाणार कुठं?

लहानपणी प्लास्टिकच्या नळीतली बर्फाची पेप्सी चोखायचो आठवतं का, रंग आणि गोडी आधी तोंडात यायची आणि शेवटी हातात पांढरा फिका बर्फ उरायचा, अगदी तेच आहे हे. बर्फाच्या कारखान्यातली लादी बघा, कडेनं काचेसारखी आणि मधोमध पांढरट, कारण बाहेरून गोठत येताना पाण्यातलं सगळं मध्ये लोटलं जातं.

आता असं करा. थर्माकोलच्या पेटीत प्लास्टिकचा डबा ठेवा, झाकण उघडं ठेवा, म्हणजे थंडी फक्त वरूनच लागेल आणि बर्फ वरून खाली हळूहळू धरेल. घाई केली की मीठ अडकतं. साधारण दोन भाग गोठले, एक भाग पातळ राहिला की बाहेर काढा, खालचं पाणी ओतून द्या, बर्फ चाळणीत ठेवा आणि जे पहिलं पाणी गळेल तेही फेका, बर्फातलं सगळ्यात खारट तेच असतं. उरलेलं वितळवा. आणि हो, गोठवून जंतू मरत नाहीत, उकळूनच प्या.

दर्यावर्दी
ताईंचं बरोबर आहे. मी बरीच वर्षं जहाजावर होतो. समुद्राचं पाणी उणे 1.9 अंशाला गोठतं, लिटरला 35 ग्रॅम मीठ असतं त्यात, पण एका हिवाळ्यात धरलेल्या समुद्री बर्फात किलोमागे 4-6 ग्रॅमच्या आसपासच राहतं, आणि दोन-चार उन्हाळे काढलेल्या जुन्या बर्फातलं खारं पाणी खाली झिरपून गेलेलं असतं म्हणून उत्तर ध्रुवाकडचे लोक तोच बर्फ वितळवून पितात. निसर्ग हे काम वर्षानुवर्षं करतो, आपण एका रात्रीत करायला बघतो.

हिशोबी_माणूस
रोजच्या पाण्याला मात्र हे परवडणार नाही, उगाच आशा लावू नका. ऐकायला छान वाटतं की वाफ करायला लिटरला 2257 किलोज्यूल लागतात आणि गोठवायला 334 च, म्हणजे सातवा हिस्सा. पण आरओ (दाब देऊन बारीक पडद्यातून पाणी गाळणं) त्याहून कितीतरी कमी विजेत होतं, समुद्राच्या पाण्याचे मोठे आरओ प्रकल्प हजार लिटरला 3-4 युनिटात काम करतात. शिवाय बर्फ मिठापासून वेगळा करून धुणं हीच खरी किचकट गोष्ट आहे, इस्रायलमध्ये 1960 च्या दशकात झार्चिन नावाच्या इंजिनिअरच्या पद्धतीनं हे मोठ्या प्रमाणावर करून बघितलं होतं, पुढं आरओच पसरलं.

तुमच्यासाठी खरा उपाय छप्पर आहे. 1000 चौरस फुटांचं छत आणि 700 मिमी पाऊस धरला तर 65 हजार लिटर होतात. पाच माणसांना मिळून रोज 25 लिटर प्यायला-स्वयंपाकाला धरलं तर वर्षाला 9 हजार. पहिले दोन-तीन पाऊस वाहू द्या, मग टाकी भरा, झाकून ठेवा.

पूर्णाकाठचा
ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं!! 6 लिटर ठेवलं, साधारण 4 लिटरचा बर्फ झाला, खाली उरलेल्या 2 लिटरला मीटर 4500 दाखवत होतं. बर्फाचं पहिलं अर्धा लिटर गळालं ते 2000, आणि राहिलेलं साडेतीन लिटर 400. आईला कपभर उकळून थंड करून दिलं, म्हणाली माहेरच्या विहिरीसारखं लागतंय. तळाशी थोडी पांढरी भुकटी दिसली, ती काय?

रसायनवाली_ताई
ते बहुतेक कॅल्शियमचे क्षार भाऊ, चुन्यासारखे, घाबरू नका, स्वच्छ फडक्यातून गाळून घ्या. ते 4500 चं पाणी झाडांना घालू नका मात्र, तुमच्या काळ्या मातीत आधीच मीठ साचलेलं आहे.

पूर्णाकाठचा
नाही घालत. छताला पन्हाळ बसवायचं उद्या गावातल्या मिस्त्रीशी बोलतो, मृगाच्या आधी झालं पाहिजे.