रोवणीची गाणी कापली, क्लिपांना नावं दिली, एक्सपोर्टात नावंच गायब! सल्ला द्या

बांधीवरचा
साकोली तालुका, जि. भंडारा. यंदा रोवणीत (भातलावणीत) आईसोबतच्या बायांची गाणी मोबाइलवर घेतली. धुऱ्यावर बसून पाच दिवस, सहा तास. ऑडॅसिटीत (आवाज कापायचं सॉफ्टवेअर) पाच ट्रॅक टाकले, गाणं-गाणं वेगळं कापलं. चाळीसेक क्लिपा झाल्या, नावं 'रेकॉर्डिंग ००७' छाप. वरच्या पट्टीवर डबल क्लिक करून एकेकीचं नाव बदललं, चार रात्री गेल्या. काल एक्सपोर्ट केलं तर ट्रॅकच्या नावानं पाच लांबलचक फायली! नावं गेली कुठं? दुसरं सॉफ्टवेअर घेऊ का?

खंजिरी_अमरावती
गेली नाहीत भाऊ, प्रोजेक्टातच आहेत. क्लिपचं नाव फक्त आपल्या डोळ्यांसाठी. फायली वेगळ्या काढताना ऑडॅसिटी एकतर ट्रॅक पाहते, नाहीतर लेबल, म्हणजे वेगळ्या पट्टीवर लावलेली नावाची चिठ्ठी. क्लिपच्या लहरीवर डबल क्लिक केलं की पूर्ण क्लिप सिलेक्ट होते. मग कंट्रोल-बी दाबून नाव लिही. एक्सपोर्ट करताना 'मल्टिपल फाइल्स' अन् त्यात 'लेबल्स' निवड. एक सांभाळ, लेबल आवाजाला चिकटलेलं नसते. सिंक-लॉक (आवाज अन् लेबल सोबत सरकवणारी सोय) बंद असताना मधलं काही उडवलं तर आवाज सरकते, लेबल जागीच राहते. म्हणून कापाकापी आधी, लेबलं मागून. आणि पाच ट्रॅक एकाखाली एक असतील तर एका वेळी एकच दिवस घे, नाहीतर पाचही दिवसांचा आवाज एकमेकांत मिसळून येईल.

बांधीवरचा
म्हणजे चार रात्री पाण्यात 😐

खंजिरी_अमरावती
पाहून पाहून लिहायला कामी येतील. लेबलांची यादी टेक्स्ट फाइल म्हणूनही निघते, वेळेसकट. वहीत उतरवायचा त्रास नाही.

साउंडवाला_वडसा
रीपर नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपच्या नावानं फाइल निघते, पण एवढ्यासाठी नवीन शिकू नका. नाव कसं ठेवता ते महत्त्वाचं. मी झाडीपट्टीच्या नाटकांना साउंड देतो. एका रात्री बाप मरते त्या सीनला नाचाचं गाणं वाजलं. मंडप हसून लोटपोट, बाप पडल्या पडल्या हसते. कारण एवढंच की फायलींना १, २, ३ असे नंबर होते. लॅपटॉपवर २ च्या मागं ३ दिसते, पण आमच्या पेनड्राइव्हवाल्या प्लेअरवर १ च्या मागं थेट १० आलं. तेव्हापासून ०१, ०२. तारीख लिहायची तर वर्ष आधी: २०२५-०७-१८. तिरपी रेघ टाकू नका, विंडोज घेत नाही. मराठी नाव लॅपटॉपवर चालते, जुन्या प्लेअरवर चौकोन दिसतात. तरी मी मराठीच ठेवतो, पुढं नंबर असला की झालं.

बांधीवरचा
२०२५-०७-१८_०३_पऱ्हे_मोठीआई. असं?

साउंडवाला_वडसा
बरोबर. पहिली ओळ टाकली तर अजून चांगलं. एकच बाई चार गाणी म्हणते, मग सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

बांधीवरचा
कॉलेजच्या सरांना प्रोजेक्ट फाइलच धाडू का? एकच तर आहे.

खंजिरी_अमरावती
तिसऱ्या आवृत्तीपासून एकच फाइल असते, खरं. पण ३.१ पासून क्लिपची कड ओढून जे कमी केलं ते पुसल्या जात नाही, लपते. सरांनी कड ओढली की परत ऐकू येईल. वाव्ह (साधी आवाजाची फाइल) काढून द्या. मूळ रेकॉर्डिंग मात्र वेगळ्या डिस्कवर, हात न लावता.

बांधीवरचा
बाप्पा! शिदोरीच्या वेळच्या गप्पा अशाच कड ओढून कमी केल्या आहेत, अन् त्यात अर्ध्या गावाची उणीदुणी. वाव्हच धाडतो.