चर्चा : बिनस्पर्धेची एकांकिका आणि एकट्याचं स्वगत ऐकायला कोल्हापूरकर येतील का?

रंगपट

आमच्या नाट्यवाचन गटात नुकताच एक प्रस्ताव आला होता. दर महिन्याला एक संध्याकाळ, शाळेचा एखादा हॉल, दोन एकांकिका आणि एक स्वगत. लेखक शक्यतो आज लिहिणारे. परीक्षक नाहीत, बक्षीस नाही, नेपथ्य जेमतेम. "बघायला कोण येणार?" एवढ्या एका प्रश्नावर तो बाजूला पडला. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून इथं मांडते.

आपण एकांकिका बघायला शिकलो ते स्पर्धेत. त्यामुळे डोळे आधी भलतीकडे जातात. वेळ पाळली का, लेव्हल्स (रंगमंचावरचे चौथरे) किती वापरल्या, शेवटच्या ब्लॅकआउटला धक्का बसला का. बाहेर पडताना दिग्दर्शक कोण, अभिनयाचं पारितोषिक कुणाला, हे सगळ्यांना पाठ असतं. लिहिलंय कुणी, हे विचारलं तर दहातले आठ जण गप्प बसतात. आज लिहिणाऱ्या नाटककारावर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

स्वगताची अवस्था याहून वाईट. दिवाकरांनी १९११ पासून नाट्यछटा, म्हणजे एकाच पात्राच्या बोलण्यातून उभे राहणारे छोटे प्रसंग, लिहायला घेतल्या, इंग्रज कवी ब्राऊनिंगच्या कविता वाचून त्यांना हा प्रकार सुचला. एकूण ५१ नाट्यछटा आहेत. आपण त्या शाळेच्या गॅदरिंगला पोरांकडून हातवारे करून म्हणून घेतल्या आणि बालवाङ्मयात जमा करून टाकल्या. त्यांतली खरी कारागिरी आपण ऐकलीच नाही. तिथं बोलणारा एकच, पण समोर कुणीतरी आहे आणि तोही बोलतोय. त्याचं बोलणं आपल्याला या माणसाच्या थांबण्यातून, चिडण्यातून, विषय बदलण्यातून ऐकायचं असतं.

आता तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मधलं नायिका बेणारेचं स्वगत घ्या. तिथं उलट आहे. ऐकायला हवेत ते सगळे रंगमंचावर हजर आहेत, पण गोठलेले. ती बोलते आणि त्यांतल्या एकालाही ऐकू जात नाही. पुढं 'चारचौघी' (१९९१) मध्ये विद्या फोनवर बोलते तेव्हा दिवाकरांचीच मांडणी परत येते. पलीकडच्याचा एक शब्द आपल्या कानावर येत नाही, तरी तो माणूस आपल्याला पुरता कळतो. ऐकणारा कुठं ठेवायचा, हा निर्णय नाटककाराचा असतो. नटाचा आवाज आणि अश्रू त्यानंतर. हे ऐकायचा सराव आपल्या गावाला व्हावा म्हणून मला त्या संध्याकाळी हव्या आहेत.

जुना_हौशी

ताई, तळमळ पोचली. बेणारेबद्दल लिहिलंय ते तर उत्तमच. तरीही प्रस्ताव बाजूला ठेवला ते योग्य झालं, या मताचा मी आहे.

राज्य नाट्य स्पर्धेत उभी हयात गेलेला माणूस मी. दोन अंकी नाटकात पात्राला बदलायला वेळ मिळतो. पहिल्या अंकात आवडलेला माणूस दुसऱ्या अंकात नकोसा होतो, आणि तो का झाला हे प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत घडतं. आजच्या बहुतेक एकांकिका म्हणजे एक प्रसंग आणि शेवटी एक दणका. महेश एलकुंचवारांनी 'सुलतान' ही एकांकिका लिहिली, १९६७ साली 'सत्यकथा' मासिकात आली, दिग्दर्शिका विजयाबाई मेहतांनी ती हेरली. पण ते तिथं थांबले नाहीत, 'वाडा चिरेबंदी'सारख्या पूर्ण लांबीच्या नाटकापर्यंत गेले. लहान नाटक ही पायरी आहे. पायरीवर बसून राहा म्हणून लोकांना का सांगायचं?

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त खुपते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ साली सुरू झालेलं थिएटर. त्या रात्री खासबागेच्या बाजूला उभं राहून रडलेली माणसं मी पाहिली आहेत. अशा वेळी रंगकर्मीच म्हणू लागले की आम्हाला शाळेचा हॉल पुरतो, तर उद्या कुणीही म्हणेल, मग एवढा खर्च कशाला? आधी ते रंगमंच, ती ध्वनियोजना, ते सगळं जसंच्या तसं परत मिळू दे. मग खोलीतल्या नाटकाचं बोलू.

मंगळवारपेठ

काका, थिएटरचं शंभर टक्के मान्य. पण पायरीचं नाही. खासबागेत दोन मिनिटांत चितपट झालेली कुस्ती अर्धवट असते का? लोक त्याच कुस्तीबद्दल वर्षभर बोलतात.

जुना_हौशी

त्या दोन मिनिटांमागं तालमीतली दहा वर्षं असतात, भावा. तालमीतल्या सरावाला कुणी प्रेक्षक बोलवत नाही. मला भीती आहे ती हीच, की कच्चं लेखन "प्रयोगशील" म्हणून लोकांसमोर येईल आणि आलेला प्रेक्षक परत फिरकणार नाही.

कॉलेजची_टीम

मी सध्या स्पर्धा करतो म्हणून लिहितो. रंगपट ताई, स्पर्धेला नावं ठेवणं सोपं आहे. पण कॉलेज आम्हाला तालमीला वर्ग उघडून देतं, लेक्चरला सूट देतं, प्रवासाचे पैसे देतं, ते करंडक आहे म्हणून. 'वाचन आहे' म्हटलं तर शिपाईसुद्धा किल्ली देणार नाही. १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा चालू आहे, त्यातून किती लेखक-नट आले ते बघा. आणि आम्ही धक्क्याच्या शेवटाचं लिहितो, कारण ४० टीम बघून दमलेल्या परीक्षकाला आमची एकांकिका लक्षात राहावी लागते. दोष द्यायचा तर त्या रचनेला द्या, लिहिणाऱ्या पोरांना नको.

रंगपट

दोष रचनेलाच देतेय. पोरांना एक शब्द बोललेले नाही. तुम्ही जे सांगितलंत तेच माझं म्हणणं आहे. दमलेल्या परीक्षकासाठी लिहिलेलं नाटक एका विशिष्ट आकाराचं होत जातं. २०२२ साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, त्यावर केवढा वाद झाला. मुलांना वाईट वाटलं, आणि ते वाटणारच. मात्र त्या वादात "त्या एकांकिकांत काय लिहिलं होतं?" यावर फार थोडं बोललं गेलं. सगळी चर्चा निर्णय बरोबर की चूक यावर. लेखनाबद्दल बोलायची जागाच आपल्याकडे नाही. ती स्पर्धेच्या बाहेर करावी लागेल, स्पर्धा बंद करून नव्हे.

काकांच्या पायरीबद्दल. 'होळी' ही एलकुंचवारांची एकांकिकाच. होस्टेलची मुलं, एका दिवसात चढत जाणारा हिंसकपणा. केतन मेहतांनी १९८४ मध्ये त्यावर सिनेमा केला. तिचे दोन अंक केले असते तर ती पातळ झाली असती. मुलांना विचार करायला उसंतच मिळत नाही, हा त्या नाटकाचा विषय आहे, आणि प्रेक्षकालाही ती उसंत मध्यंतराच्या चहाने मिळता कामा नये. लांबी तिथं आशयाचा भाग आहे.

थिएटरबद्दल तुमच्याइतकीच आग मलाही आहे. पण मुंबईत छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने नाटकं केली, म्हणून मुंबईतली मोठी थिएटरं कुणी बंद केली नाहीत. उलट तिथं तयार झालेली माणसं पुढं त्या थिएटरांत गेली.

प्रकाशयोजना

मुंबईत थिएटरं भरपूर होती म्हणून छबिलदास परवडलं. आपल्याकडे मोजून दोन-तीन हॉल. ही तुलना मला चालत नाही.

आणि माझा आक्षेप स्वगतालाच आहे. नाटक म्हणजे दोन माणसं समोरासमोर आणि त्यांच्यात काहीतरी अडलेलं. एकटा माणूस बोलतो तेव्हा त्याला अडवायला कुणी नसतं. तो स्वतःला हवं तसं, हवं तितकं मांडतो. त्यामुळे स्वगत पटकन भाषण होतं नाहीतर रडगाणं. हल्ली रील्सवर बघा, दोन मिनिटं कॅमेऱ्यात बघून हुंदके, त्याला 'मोनोलॉग' म्हणतात. मोठ्या नाटकातून एक तुकडा उपटायचा आणि ऑडिशनला फेकायचा. मागचा संदर्भ गेला, पुढचा परिणाम गेला, उरला फक्त नटाचा घसा. अशा गोष्टीला आपण का उत्तेजन द्यायचं?

वाचनवेडी

उपटलेल्या तुकड्याबद्दल तुमच्याशी सहमत आहे. पण मुळातच एकट्यासाठी लिहिलेलं नाटक आणि तो तुकडा एकाच मापाने मोजू नका.

स्ट्रिंडबर्गचं 'द स्ट्राँगर' १८८९ मधलं. रंगमंचावर दोन बायका, बोलते एकच. दुसरी शेवटपर्यंत तोंड उघडत नाही. बोलणारी बोलता बोलता स्वतःच उलगडत जाते, तिला एकेक गोष्ट कळत जाते. आता सांगा, अडवणारं कुणी नाही का? त्या गप्प बसण्याइतकं अडवणारं दुसरं काय असतं? बेकेटच्या 'क्रॅप्स लास्ट टेप'मध्ये (१९५८) ६९ वर्षांचा माणूस स्वतःचाच ३९ व्या वर्षी रेकॉर्ड केलेला आवाज ऐकतो. माणूस एक, पण ती दोघंजण एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. ॲलन बेनेटची 'टॉकिंग हेड्स' ही १९८८ ची स्वगतांची टीव्ही मालिका तर याच्याही पुढं जाते. बोलणाऱ्याला वाटतं तो एक गोष्ट सांगतोय, आणि आपल्याला त्यातून दुसरीच कळते, जी त्याला स्वतःला दिसत नाही. हे लिहायला फार कठीण आहे. रडगाण्यात नेमकं हेच नसतं. रडगाण्यात बोलणाऱ्याला सगळं ठाऊक असतं.

आणखी एक, जे गटातल्या पुरुषमंडळींना सुचत नाही. संध्याकाळी सहा ते नऊ, दोन महिने तालीम, हे आमच्यातल्या किती जणींना जमतं? घरचा स्वयंपाक, मुलांचे क्लास, सासूबाईंचं औषधपाणी. एकटीचं नाटक दुपारी घरात बसूनही पाठ होतं. सुषमा देशपांडेंनी १९८९ पासून 'व्हय, मी सावित्रीबाई' एकट्यानं केलं, गावोगावी नेलं. नाट्यगृह मिळेपर्यंत थांबल्या असत्या तर ते गावात पोचलंच नसतं.

प्रकाशयोजना

बेनेटबद्दल म्हणालात ते पटण्यासारखं आहे, तेवढं वाचून बघेन. तरी मराठीत आज असं कोण लिहितंय, हा प्रश्न राहतोच. उदाहरणं सगळी बाहेरची नाहीतर जुनी.

गडहिंग्लजकर

लई दिवसांनी हितं कायतरी कामाचं चाललंय म्हणून लिवतोय.

प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' बघितली न्हाई असा माणूस आमच्या वयात सापडायचा न्हाई. दोन नट, बाकी स्टेज मोकळं. हजारांनी प्रयोग झाले तिचे. जातीवर एवढं थेट बोलणारं नाटक गावच्या चौकात झालं ते लहान हुतं म्हणूनच. सामानाला ट्रक लागला असता तर झालंच नसतं. तवा काका, थिएटर पायजेच, पर थिएटरापतुर न पोचणारी माणसं निम्म्या जिल्ह्यात हायत. चंदगडच्या माणसानं रातचा प्रयोग बघून परत कसं जायचं?

आता ताईस्नी दोन अडचणी सांगतो. एक म्हंजे संहिता मिळत न्हाईत. नव्या लेखकांचं लिखाण छापून येत न्हाई, फोनवर फिरत असतंय, आनि लेखकाला विचारल्याबिगर बसवत्यात. ह्ये बंद झालं पायजे. प्रयोग पाच माणसांपुढं असला तरी लेखकाची परवानगी आनि ठरलेलं मानधन द्याचं. प्रयोग म्हणून करणार असाल तर संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रबी आधी बघून घ्या, ऐनवेळी पळापळ नको.

दुसरी अडचण भाषेची. फ्लॅट, लॅपटॉप, ब्रेकअप. वाईट न्हाई ते, पर आमच्याकडं ऊसतोडीच्या फडावर बाई काय बोलती, पुरात घर गेलेला शिरोळचा माणूस पंचनाम्याच्या सायबाला काय सांगतो, ह्ये कोण लिवणार? त्यो पंचनाम्याचा साहेब गप्प बसून लिवत असतोय बघा. तुमचं ते ऐकणाऱ्याचं गणित हितं आपोआप बसतंय.

रंगपट

गडहिंग्लजकर, पंचनाम्याचं तुम्हीच लिहा. खरंच सांगते. माणूस किती सांगतोय, साहेब किती उतरवून घेतोय, आणि कुठल्या वाक्याला त्याचं पेन थांबतं, यात अख्खं नाटक आहे.

परवानगी आणि मानधन याबद्दल दुमत नाही. लेखकाला स्वतःची अट घालता आली पाहिजे. कॅरिल चर्चिल यांनी २००९ मध्ये 'सेव्हन ज्यूइश चिल्ड्रन' हे दहा मिनिटांचं नाटक लिहिलं, आणि ते कुणीही मोफत करावं, फक्त प्रयोगानंतर पॅलेस्टाइनमधल्या वैद्यकीय मदतीसाठी निधी गोळा करावा, असं सांगितलं. त्यावर टीकाही खूप झाली. त्यात कुठलं वाक्य कुणाचं हे लिहिलेलंच नाही. प्रत्येक प्रसंगात मोठी माणसं एका मुलीला काय सांगायचं आणि काय नाही यावर बोलत राहतात, एवढंच. दहा मिनिटांच्या नाटकावर देशोदेशी भांडणं होतात, मग लहान म्हणजे हलकं हे कुठून आलं?

प्रकाशयोजना, मराठीत आज कोण लिहितंय हा तुमचा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर मला यादी देऊन द्यायचं नाही. लिहिणारे आहेत, पण त्यांचं लेखन एका मोसमात स्पर्धांच्या चार फेऱ्यांत संपतं. पुन्हा वाचलं जात नाही, म्हणून कोण टिकाऊ हे ठरतही नाही. संध्याकाळ हवी आहे ती त्यासाठीच.

जुना_हौशी

माझं मत बदललेलं नाही. 'होळी'बद्दलचं तुमचं म्हणणं मात्र बिनतोड आहे, तेवढं देतो. 'होळी'च्या तोडीचं वर्षाला एक जरी निघालं तरी पुष्कळ, आणि बाराही महिने ते मिळणार नाही. म्हणून दर महिन्याला नको, तीन महिन्यांतून एकदा घ्या, निवडून घ्या. वाचनानंतर निदान तासभर फक्त लेखनावर बोलायचं. नटाचं कौतुक बाहेर चहाला. आणि प्रत्येक निवेदनात केशवराव थिएटरचं काम कुठवर आलं हे जाहीर विचारायचं. एवढं करणार असाल तर मी येतो, विरोधात बोलायला येतो.

रंगपट

तीन महिन्यांचं मान्य. केशवरावचा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत, तुम्हीच विचारा.

गडहिंग्लजकर

वेळ दुपारची ठेवा. परतीची एसटी मिळाली पायजे. पंचनाम्याची चार पानं लिवून आणतो, पर वाचनार मी न्हाई, वाचनवेडी ताईंनी वाचावं. त्यो माणूस बाई केली तर आनखी बरं हुईल का, ह्येबी सांगा.

वाचनवेडी

आधी पानं पाठवा. बाई केली तर साहेब तिच्याकडे न बघता घरातल्या पुरुषाला विचारेल. मग नाटक वेगळं होईल. दोन्ही लिहून बघा.