धमन्या मोकळ्या असूनही छातीवर दाब का येतो?

रंकाळाकाठ (प्रश्न)
माझ्या वडिलांना रंकाळ्याच्या फेरीत, सपाट रस्त्यावरही, छातीवर दाब जाणवतो. अँजिओग्राफीत कोरोनरी धमन्यांमध्ये (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या) अडथळा आढळला नाही; इकोमध्ये मात्र महाधमनीची झडप बरीच अरुंद झाल्याचे आणि डाव्या निलयातील (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातील) दाब वाढल्याचे दिसले. हृदयाच्या आतल्या दाबामुळे हृदयाच्याच स्नायूचा रक्तपुरवठा कसा कमी होतो, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

शरीरक्रिया-शिक्षक
अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या दिसतात. त्यांच्या स्नायूत शिरणाऱ्या बारीक फांद्यांवर किती दाब पडतो, हे तिच्यात कळत नाही. डावे निलय आकुंचन पावते तेव्हा या फांद्या चेपल्या जातात, म्हणून त्याच्या स्नायूला बहुतांश रक्त प्रसरणाच्या, म्हणजे निलय सैल होण्याच्या, काळातच मिळते. त्या वेळी रक्त पुढे ढकलणारा दाब म्हणजे, ढोबळमानाने, महाधमनीतील प्रसरणकालीन दाबातून निलयातील प्रसरणाअखेरचा दाब वजा करून उरलेला आकडा. पहिला ७० आणि दुसरा १० मिलिमीटर पारा असेल तर ६० उरतात. दुसरा ३० वर गेला की ४०च. याची झळ सर्वांत आधी आतल्या थराला बसते, कारण निलयातील दाब त्याला अगदी लागून असतो. त्यातच अरुंद झडपेतून रक्त रेटून जाड झालेल्या स्नायूची प्राणवायूची गरज वाढलेली असते.

राजारामपुरीची परिचारिका
नाडीचा विचारही करावा. मिनिटाला ७५ ठोके असताना एका ठोक्याच्या ०.८ सेकंदापैकी सुमारे ०.५ सेकंद प्रसरणाचे असतात. चालताना नाडी वाढली की कात्री मुख्यतः त्यांनाच लागते. आणखी एक, जे मला अधिक महत्त्वाचे वाटते: जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी निलयातील दाब उतरवते, पण महाधमनीतीलही उतरवते, त्यामुळे अशा रुग्णाने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ती घेऊ नये. झडपेचा दोष स्टेंटने सुटत नाही. अरुंदपणा तीव्र असून लक्षणे सुरू झाली असतील, तर झडप बदलण्याचा निर्णय भिजत ठेवू नका.

रंकाळाकाठ
आभारी आहे. उजव्या निलयालाही हाच नियम लागू होतो का?

शरीरक्रिया-शिक्षक
तितका नाही. उजव्या निलयातील आकुंचनाचा दाब साधारण २५ पर्यंतच जातो आणि महाधमनीत तेव्हा १२० च्या आसपास असतो, त्यामुळे त्याच्या स्नायूला दोन्ही काळांत रक्त मिळत राहते. फुफ्फुसधमनीतील दाब फार वाढला, तर मात्र ही सवलत कमी होते.