थकबाकीदाराचं पाणी बंद करावं का?

इथं एका दादांनी सुचवलंय की सोसायटीचा मेंटेनन्स थकवणाऱ्याच्या पाण्याच्या लाईनचा कॉक बंद करा, आपोआप पैसे येतील. राग समजतो, पण कृपा करून हे करू नका. आपल्या जुळे सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशीच कॉक बंद ठेवला तर त्या घरातल्या म्हाताऱ्यांनी, लेकरांनी पुढच्या पाळीपर्यंत काय करायचं? पाणी तोडून वसुली करणं मला तरी चुकीचंच वाटतं.

वसुलीसाठी सहकार कायद्यात कलम १५४ब-२९ आहे. लेखी नोटिसा द्या, मग खातेउतारा जोडून सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात अर्ज करा. वसुली दाखला मिळाला की थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल होते. वेळ लागतो, पण कागद पक्का असतो.

खरी अडचण वेगळीच आहे. रो-हाउसवाल्या कितीतरी सोसायट्या वॉचमनचा पगार आणि मोटारीचं बिल निघेल एवढीच वर्गणी काढतात. आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी दरवर्षी जमा व्हायला हवा. तो नसतो, म्हणून मे महिन्यात बोअरची मोटार जळाली किंवा काळ्या मातीनं कंपाउंडला भेग पडली की दारोदार फिरावं लागतं, आणि भांडणं तिथंच सुरू होतात. दर महिन्याचा जमाखर्च फलकावर लावा, निम्मे लोक न मागता देतील.

दादा, तुमची सोसायटी नोंदणीकृत आहे की नुसती प्लॉटधारकांची समिती? नोंदणी नसेल तर वसुलीचं हे कलम लागू होणार नाही.