घरी ध्यानाला बसायची टाळाटाळ: तुम्ही काय करता?

लोकलवाली:
मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर केलं. पहाटे चारला घंटा, साडेचारला पहिली बैठक, रात्री साडेनऊला दिवे बंद. दिवसाला दहा तासांच्या वर साधना. चौथ्या दिवसापासून अधिष्ठान, म्हणजे तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. तेही जमलं. निघताना सांगितलं होतं, घरी रोज सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास.

तर घरी वीस मिनिटंसुद्धा बसवत नाही. वेळ नाही असं म्हणणार नाही, कारण रात्री मोबाइलवर तास कसा जातो ते मला माहीत आहे. पण बसायची वेळ झाली की मी भयंकर कामसू होते. परवा गॅसचे बर्नर सुईने साफ करत होते. त्याआधी कोथिंबिरीच्या दोन जुड्या निवडून, पुसून, डब्यात कागद घालून ठेवल्या. एरवी माझी कोथिंबीर पिशवीतच सडते.

डोंबिवलीत वन बीएचके, माणसं चार. साडेपाचला पाणी येतं, मग डबे, मग सात-बाराची लोकल. संध्याकाळी सासूबाईंच्या मालिका. जागा म्हणाल तर कपाट आणि पलंग यांच्यामधली, आणि तिथे बसलं की कुणाला तरी नेमकं कपाटातलंच काहीतरी हवं असतं. कुणी यातून मार्ग काढलाय का? 'मनात असेल तर वेळ मिळतो' हे नको, ते नवरा सांगतो.

जुना साधक, नाशिक:
ताई, धम्मगिरीवर तुम्ही स्वतःहून बसत नव्हता, तुम्हाला बसवलं जात होतं हो. घंटा दुसरा वाजवतो, स्वयंपाक दुसरा करतो, मोबाइल जमा केलेला, आर्य मौन, म्हणजे कुणी कुणाशी बोलायचं नाही, त्यामुळे कुणी हाक मारत नाही. खोलीत झोपून राहिलात तर धम्मसेविका दारात येऊन उभी. घरी ही सगळी खाती एकट्या तुमच्याकडे.

दोन तासांचा आकडा थोडे दिवस बाजूला ठेवा. तो ईएमआयसारखा डोक्यावर बसतो, हप्ता चुकला की पुढचा आणखी जड. पहिल्या तीन दिवसांत शिकवलेलं आनापान आठवतंय ना? नुसता श्वास, नाकपुड्यांशी. तेवढंच करा, पंधरा मिनिटं. पण पाणी भरून झाल्यावर लगेच, चहा आणि मोबाइल दोन्हीच्या आधी. चहा घेतलात की दिवस सुरू झाला, मग कुणी बसत नाही, मीही नाही. शिवाय झोपायच्या आधी आणि जाग आल्यावर पाच मिनिटं अंथरुणात पडल्या पडल्या करायलाही सांगितलेलंच असतं. त्याला कपाट आड येत नाही.

आणि आठवड्याची सामूहिक साधना शोधा. कल्याण-डोंबिवलीकडे जुन्या साधकांच्या, म्हणजे शिबिर केलेल्यांच्या, बैठका होत असणार, केंद्रावर विचारा. गोराईच्या ग्लोबल पॅगोडात जुन्या साधकांसाठी एक दिवसाची शिबिरं असतात, तीही करा.

लोकलवाली:
गोराई! डोंबिवलीहून दादर, तिथून बोरिवली, मग जेट्टी, मग बोट. अख्खा रविवार गेला की हो. पण चहाच्या आधीचं पटलं.

खडूस काका:
मी शिबिर-बिबिर काही केलेलं नाही, तरी बोलतो. आमच्याकडे आई दिवेलागणीला हरिपाठ म्हणायची. कुकरच्या शिट्ट्या चालू, आम्ही भावंडं भांडतोय, तिचं चालूच. शांतता हवी असं तिला कधी वाटलंच नाही. तुम्ही लोक आधी शांतता मागता आणि मग ध्यान करता. मालिका चालू असताना बसून बघा. आणि तेही जमत नसेल तर सरळ नामस्मरण करा, लोकलमध्येही होतं.

जुना साधक, नाशिक:
काका, आवाजात बसण्याबद्दल शंभर टक्के सहमत. नामस्मरणाला माझा विरोध नाही, पण ही शिबिरं सुरू करणाऱ्या गोयंका गुरुजींच्या पद्धतीत श्वासाला नाम किंवा रूप जोडू नका असं स्पष्ट सांगतात. एक धरा नाहीतर दुसरं. सरमिसळ केली की दोन्हीकडे चालढकल करायला मन मोकळं.

मीनल_पुणे:
मी थोडं वेगळं विचारते. बसायचा नुसता कंटाळा येतो की भीती वाटते? बसल्यावर छातीत धडधड, झोप उडणं, रडू न थांबणं असं काही असेल तर नेटाने वेळ वाढवू नका. शिबिर घेणाऱ्या सहाय्यक आचार्यांशी बोला आणि मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवा. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात ते उगाच नाही. माझ्या बहिणीला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिलं.

लोकलवाली:
नाही, तसं काही नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते. डोळे मिटले की पाचव्या मिनिटाला भाऊ समोर. आईच्या घराच्या कागदांवरून आमचं बोलणं बंद आहे. धम्मगिरीवरही तो यायचा, पण तिथे तो दूर होता, इथे फोनमध्ये त्याचा नंबर आहे. मग मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडते आणि थोड्याच वेळात उठते तेव्हा आणखी चिडलेली असते. असं ध्यान करण्यापेक्षा बर्नर परवडले.

जुना साधक, नाशिक:
हे आधी सांगायचं ना! भाऊ आला की त्याच्याशी वाद घालू नका, त्याला हाकलूही नका. त्या वेळी अंगात कुठे काय होतंय ते बघा. मला तर सासऱ्यांचा विचार आला की कानशिलं तापायची. ती तापतात, थोड्या वेळाने निवतात, तेवढंच बघायचं. नाही जमलं तर परत श्वासावर. आणि चिडून उठू नका, शेवटची पाच मिनिटं मंगल मैत्रीला, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायला, ठेवा. भावाला मैत्री देववत नसेल तर आधी सासूबाईंना द्या.

खडूस काका:
किंवा भावाला फोन करा.

लोकलवाली:
काका, तुमचं नाव बरोबर आहे. 😄 फोनचं बघते, आधी वकिलांकडून कागद येऊ देत.

उद्यापासून पाणी भरल्यावर पंधरा मिनिटं, चहा नंतर. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, तेवढ्यात मी चहा टाकते. एक शेवटचं विचारते, उजवा गुडघा दुखतो, खुर्चीवर बसलं तर चालतं ना?

मीनल_पुणे:
चालतं की. केंद्रावरसुद्धा गरज असेल त्यांना खुर्ची देतात. फक्त पाठीला टेका घेऊ नका, झोप लागते.