‘पंधराशे भेटून राहिले, आता बाया कायले येतील वावरात?’ – हे खरं आहे का?

आर्वीची लेक

२०२५ च्या दिवाळीत आठ दिवस गावी होते. सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) होऊन कापसाची वेचणी लागली होती. पारावर, किराणा दुकानात, एसटीत, जिथे जावं तिथे हेच वाक्य ऐकू येई, जे शीर्षकात दिलं आहे. बोलणाऱ्यांत माझा सख्खा काकाही होता. त्यामुळे कुणाला खाली पाडायला हा धागा काढलेला नाही. पण ते वाक्य मला पटलं नाही.

माझी आई वीस वर्षं लोकांच्या वावरात निंदायला गेली. तेव्हाही गावात म्हणायचेच, ‘मजूर माजले.’ तेव्हा कारण रोजगार हमी होतं, मग रेशनचा तांदूळ आला, आता लाडकी बहीण. दरवेळी कारण बदलतं, तक्रार तीच राहते.

साधा हिशेब बघा. योजना जुलै २०२४ पासून आहे, २१ ते ६५ वयाच्या बाईला महिन्याला १५०० रुपये. म्हणजे दिवसाला ५०. आमच्या गावात निंदणाची बाईची रोजी २५० आहे, पुरुषाची ४५०. म्हणजे योजनेचे पैसे सहा दिवसांच्या रोजीएवढे. एवढ्यावर घर चालतं असं ज्याला वाटतं, त्याने एक महिना चालवून बघावं.

‘फुकट पैसा दिला की गरीब काम सोडतो’ हे लोकांनी मोजूनही पाहिलं आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतले रोख मदतीचे सात प्रयोग एकत्र तपासले. मेक्सिको, होंडुरास, इंडोनेशिया, फिलिपिन्स असे देश. चिठ्ठ्या टाकून काहींना पैसे दिलेले, काहींना नाही. दोन्हीकडच्या कामात ठरावीक असा फरक सापडला नाही. लांब कशाला, आपल्या शेजारी मध्य प्रदेशात ‘सेवा’ संस्थेने २०११ मध्ये गावांत दर महिन्याला रोख रक्कम दिली, तिथे काम घटण्याऐवजी वाढलं.

माझं म्हणणं सरळ आहे. बाई येत नसेल तर आधी तिला किती देतो ते विचारा. तिच्या खात्यात काय येतं ते नंतर बघू.

कपाशीवाला, राळेगाव

ताई, तुमी मनापासून लिवलं, मी बी मनापासूनच उत्तर देतो. माह्याकडं पाच एकर कोरडवाहू पऱ्हाटी हाये. एकरी पाच क्विंटल धरा, चांगलं साल असलं तर. पंचवीस क्विंटल. यंदाच्या, २०२५-२६ च्या हंगामाले हमीभाव मध्यम धाग्याले ७७१० हाये, पण सीसीआयचं (सरकारी कापूस खरेदीचं) केंद्र, नोंदणी, ओलावा या भानगडीत व्यापाऱ्याले सात हजाराच्या आत द्या लागते. त्यात सरकारनं ऑगस्ट २०२५ मंधी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं, ते डिसेंबर अखेरपर्यंत. ऐन आमचा माल निंगाच्या टायमाले.

आता वेचाई. १० रुपये किलो, म्हणजे क्विंटलमागं हजार. सात हजारातले हजार तिथंच गेले. निंदण दोनदा, डवरे, फवारे, खत, बियाणं वेगळं. तुमी म्हणता रोजी वाढवा. कुठून वाढवू? तुमच्या त्या मेक्सिकोच्या शास्त्रज्ञाईले माह्या वावरात आणा.

अन् बाया कमी झाल्या हे डोळ्यानं दिसते. आधी सकाळी आठले पाटी घेऊन बांधावर राहत. आता दहाले येते, चारले जाते. तिसऱ्या वेच्याले तर कोणी फिरकतच नाई.

टोळीवाली, कळंब

मी पंधरा बायांची टोळी घेऊन ऑटोने जाते, म्हणून मला यातलं थोडं कळतं. भाऊ, दहाला का येतो ते सांगते. नोव्हेंबरात दव असते. ओला कापूस वेचला तर तुम्हीच ओरडता, वजन फुगवलं म्हणून. दव उतरल्याशिवाय कापसाला हात लावता येत नाही. आठला बांधावर बसून आम्ही करावं काय?

तिसऱ्या वेच्याचंही ऐका. पहिल्या वेच्याला बोंडं फुटून लगडलेली असतात, हात चालणारी बाई ३०-३५ किलो काढते, तीनशे-साडेतीनशे पडतात. तिसऱ्या वेच्याला दिवसभर वाकून १५ किलो होत नाही. किलोचा भाव तोच. मग दीडशे रुपयांसाठी, त्यातून ऑटोचे वीस देऊन, कोण येईल? तुम्ही तिसऱ्या वेच्याला रोजीने बोलवा, आम्ही येतो की नाही बघा.

पंधराशेचं काय करतो तेही सांगते. माझ्या टोळीतल्या एकीने उधारी फेडली, एकीच्या पोरीची शिकवणी चालते. काम कुणी सोडलं नाही. एक फरक मात्र पडला, तो लपवत नाही. आधी पोळ्याच्या तोंडावर हातात पैसा नसायचा, शेतकऱ्याकडून उचल घेतली की दिवाळीनंतर तो म्हणेल त्या भावात त्याच्याच वावरात वेचावं लागायचं. यंदा टोळीतल्या बऱ्याच जणींनी उचल घेतली नाही. जिथे दोन रुपये जास्त, तिथे गेलो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी, अमरावती

धागाकर्तीच्या बाजूचा असूनही एक हरकत नोंदवतो. मेक्सिको-होंडुरासच्या प्रयोगांवरून विदर्भातल्या वेचणीबद्दल निकाल देता येत नाही. मध्य प्रदेशातल्या त्या अभ्यासातही एक गोष्ट होती जी तुम्ही गाळली: लोक दुसऱ्याच्या वावरातली मजुरी कमी करून स्वतःच्या शेताकडे आणि धंद्याकडे वळले. एकूण काम वाढलं हे खरं, पण मजूर शोधणाऱ्या शेतकऱ्याला ‘कमी झाले’ असंच दिसणार. राळेगावच्या काकांचे डोळे चुकत नसतील.

लाडकी बहीण तपासणं आणखी अवघड आहे, कारण ती सगळ्या राज्यात एकाच महिन्यात आली. रोहयोचं, म्हणजे रोजगार हमी योजनेचं, तसं नव्हतं. २००५ चा केंद्राचा कायदा टप्प्याटप्प्याने लागू झाला. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातले २०० जिल्हे, त्यात आपले अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया. वर्धा, अकोला, बुलढाणा नंतर. त्यामुळे आधी मिळालेले आणि नंतर मिळालेले जिल्हे शेजारी ठेवून बघता आले. क्लेमाँ इम्बेर्ट आणि जॉन पॅप यांनी तेच केलं. योजना लवकर आली तिथे खासगी मजुरी साधारण पाच टक्क्यांनी जास्त वाढली, तीही मुख्यतः कोरड्या हंगामात, आणि खासगी काम थोडं घटलं. म्हणजे शेतकऱ्यांची तक्रार पूर्ण हवेतली नव्हती, फक्त तिचा आकार गावात बोललं जातं त्याहून खूप लहान होता.

कपाशीवाला, राळेगाव

घ्या. पोरगं बी तेच म्हणते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी, अमरावती

काका, अर्धंच. पुढचं ऐका. आंध्रात १५७ मंडलांत (तालुक्यासारखे भाग) त्याच रोहयोच्या मजुरीचं वाटप सुधारण्याचा मोठा प्रयोग झाला, कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांचा. मजुरांचं उत्पन्न वाढलं, आणि त्या वाढीचा बहुतांश भाग रोहयोच्या कामातून आला नाही, तर बाहेरच्या मजुरीचे दर वाढल्यामुळे आला. आणि खासगी काम घटलं नाही. दर वाढूनही काम घटत नाही याचा एक अर्थ असा लावतात की आधीचा दर दाबलेला होता. गावात मजुरी देणारे मोजके असतात, एकमेकांना विचारून भाव ठरवतात. ‘यंदा दहाच्या वर कोणी द्यायचं नाही’ हे तुमच्या गावात ठरत नाही का?

बागाईतदार, वरुड

ठरते, नाकारत नाही. पण मजूरही ठरवतात. एक टोळी बारावर अडली की बाकीच्या दहावर येत नाहीत, एखादी आली तर गावात तिला बोलून बोलून नको करतात. आमच्याकडे संत्र्याच्या तोडणीला आता मध्य प्रदेशातून, मेळघाटातून माणसं आणतो. खाण्याची, राहण्याची सोय करूनही परवडते, कारण ती रोज येतात. लोक हा विषय गरीब बाई आणि श्रीमंत शेतकरी असा मांडतात, त्याचा मला खरोखर त्रास होतो. पाच एकरवाला श्रीमंत नाही. त्याची बायको दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते, आणि त्याच्या वावरात शेजारीण येते.

आर्वीची लेक

मध्य प्रदेशाबद्दल मी अर्धं सांगितलं, हे मान्य. मला सोयीचं तेवढं घेतलं गेलं.

पण आता सगळे जे बोलताय त्यात बाईची रोजी २५० आणि पुरुषाची ४५० हा आकडा कुणाला खटकला नाही. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला. त्याच्याही आधीपासून वि. स. पागे यांची आपली महाराष्ट्राची रोजगार हमी चालत होती, आणि तिच्यात बाईला आणि पुरुषाला कामाचा दर एकच. पन्नास वर्षं सरकारी मातीकामावर जे चालतं ते वावरात का चालत नाही?

‘पुरुषाचं काम जड’ म्हणतात. फवारणी जोखमीची आहे, मान्य. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, त्या जोखमीचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण सोयाबीन सोंगताना दोघे एकाच ओळीत वाकलेले असतात. आणि जिथे किलोवर मोजतात त्या वेचणीत बाईचा हात पुरुषापेक्षा चपळ असतो, तिथे भेद आपोआप नाहीसा होतो. याचा अर्थ भेद कामात नाही, रोजी ठरवणाऱ्याच्या मनात आहे.

बागाईतदार, वरुड

उद्या कायद्याने दोघांना ४५० करा. निंदणाला बाई बोलावणं बंद होईल, तणनाशक मारतील. आत्ताच मारताहेत. बाईची रोजी वाढण्याऐवजी बाईचं काम जाईल.

टोळीवाली, कळंब

हे मात्र खरं आहे. मला पंधराशेची भीती नाही, तणनाशकाची आहे. पूर्वी आषाढापासून पोळ्यापर्यंत निंदणाचं काम पुरायचं. आता दोन आठवडे. आणि होळीनंतर तर हरभरा सोंगला की हात रिकामे. ‘बाया येत नाहीत’ म्हणणारे चैत्र-वैशाखात कुठे असतात? तेव्हा आम्ही दारोदार विचारतो, ‘काम आहे का भाऊ?’

अर्थशास्त्राचा विद्यार्थी, अमरावती

ताई, तुम्ही जे सांगितलं ते ओडिशात मोजलं गेलंय. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांनी काही गावांतल्या मजुरांपैकी बऱ्याच जणांना एकदम बाहेरचं काम दिलं आणि मागे गावात काय होतं ते पाहिलं. सुगीच्या महिन्यांत मजुरी लगेच चढली, म्हणजे माणसं खरोखर कमी पडली. पण रिकाम्या महिन्यांत एवढी माणसं निघून गेली तरी मजुरी हलली नाही आणि गावातलं एकूण कामही घटलं नाही, कारण जागा भरायला तितकेच लोक बसून होते. शेतकऱ्याची टंचाई दिवाळीची आहे, तुमची बेकारी वैशाखातली. दोन्ही एकाच वर्षात बसतात.

पांढरकवडा

तुलना करायला जागा नाही असं वर लिहिलंय. आमच्याकडे या ना. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे तेलंगणातलं आदिलाबाद. माती तीच, पऱ्हाटी तीच, पाऊस जवळपास तोच. पलीकडच्या बाईला आपली लाडकी बहीण नाही. २०२३ चा आणि २०२५ चा वेचणीचा भाव दोन्ही काठांवर विचारला तर काही तरी कळेल.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी, अमरावती

हे फार चांगलं सुचवलंत. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवर असंच केलं होतं. १९९२ मध्ये एका बाजूला किमान वेतन वाढलं, दुसऱ्या बाजूला नाही. चारशेवर खानावळींना आधी आणि नंतर विचारलं. सगळे म्हणत होते नोकऱ्या जातील, तशा गेल्या नाहीत. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं. फक्त एक विचारतो: वेचणीला माणसं नदी ओलांडून जातात का?

पांढरकवडा

जातात. दोन्हीकडून. दोन रुपयांसाठी पूल ओलांडतात.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी, अमरावती

मग काठावरची गावं सोडून आतली घ्यावी लागतील, नाही तर एका बाजूचा परिणाम दुसरीकडे वाहत जाईल.

कपाशीवाला, राळेगाव

रात्री तुमचं सगळं पुन्हा वाचलं. बाबा होते तवापासून आमच्या घरी मजुरीची वही असते, कोणाले किती किलो, किती दिले. काढून पाह्यली. इमानदारीनं सांगतो.

२०२० ले वेचाई ६ रुपये होती. २०२१ च्या हंगामात कापूस दहा हजाराच्या वर गेला, त्या साली आमी सगळ्याईनंच ९ दिले, कापूस वावरात राह्यला नाई पायजे म्हून. मंग भाव सातावर आला. वेचाई काही सहावर आली नाई. तशीच राह्यली, अन् २०२४ ले १० झाली. म्हंजे चारातले तीन रुपये लाडक्या बहिणीच्या आधीच वाढले होते. हे मले वही पाह्यल्याशिवाय ध्यानात नोतं.

पण बायांची हजेरी बी लिवून हाये. पहिल्या वेच्याले जेवढ्या २०२३ ले होत्या, तेवढ्याच यंदा. तिसऱ्याले मांगच्या साली निम्म्या. हे तवाच पयल्यांदा झालं. आता ते पंधराशेनं झालं का दीडशेनं, मी सांगू शकत नाई.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी, अमरावती

काका, मजुरांची मागणी चढली की मजुरी चढते, मागणी पडली तरी उतरत नाही, हे सुप्रीत कौर यांनी १९५६ ते २००९ पर्यंतच्या आकड्यांवरून देशातल्या सहाशे जिल्ह्यांत दाखवलंय, पावसाच्या चढउतारावरून. तुमच्या वहीत तेच निघालं. त्या वहीचे फोटो पाठवाल का? नावं झाकून.

टोळीवाली, कळंब

भाऊ, राळेगाव आमच्यापासून लांब नाही. यंदाचा तिसरा वेचा कधी आहे? रोजीने बोलवत असाल, ३०० आणि ऑटो तुमचा, तर माझी टोळी येते. किती आल्या ते वहीत लिहा.

कपाशीवाला, राळेगाव

२७५ देतो. ऑटो माह्याकडं. संक्रांतीच्या आधी या.